मसाला काजू-दाणे घरी करताना मसाला चिकटतो कशाने? (आणि पावसाळ्यात सादळू नयेत म्हणून काय?)

मुग्धा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

संध्याकाळी साडेसहाची भूक हा आमच्या घरातला सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. मुलगा क्लासहून येतो, नवरा ऑफिसातून, सासरे फिरून, आणि तिघंही चप्पल काढायच्या आधी ओट्यावरचे डबे उघडून बघतात. फरसाण आणि वेफर्स बंद करायचे म्हणून मी काजू, बदाम, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया घरीच भाजून ठेवते. साधे खारे उत्तम होतात. घोडं अडतं ते चवीच्या दाण्यांपाशी. काळी मिरी, पुदिना, लसूण, पेरी पेरी, काहीही घ्या, मसाला डब्याच्या तळाशी आणि दाणे वर कोरडे. तेल घातलं तर धरतो, पण बोटं तेलकट होतात, शिवाय सासऱ्यांना तेल कमी सांगितलंय.

प्रश्न दोनच:
१) कमीत कमी तेलात मसाला धरतो कशाने?
२) जुलै-ऑगस्टच्या हवेत कुरकुरीत राहतील कसे?

साधनं: ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) आणि लोखंडी कढई. एअरफ्रायर नाही, ओट्यावर जागा नाही, तेव्हा कृपया त्यावर चर्चा नको.

सदू_पेठेतला

मी पयला!

एअरफ्रायर घ्या.

मुग्धा_कर्वेनगर

सदूभाऊ, अपेक्षा होतीच. पण पहिल्याच प्रतिसादात?

पाऊसवेडी

ओटीजी असेल तर एअरफ्रायरने फार काही वेगळं होत नाही. आतला पंखा गरम हवा फिरवतो म्हणून वेळ थोडा वाचतो, एवढंच. आणि भोपळ्याच्या बिया त्यात उडून वरच्या कॉइलला जाऊन चिकटतात. चर्चा संपली.

मसाल्याचं म्हणाल तर आमच्याकडे मिठाच्या पाण्याचा हबका मारतात. दाणे भाजत आले की वाटीत दोन चमचे पाणी, त्यात मीठ-तिखट विरघळवायचं आणि गरम कढईत शिंपडायचं. चर्र आवाज होतो, पाणी उडून जातं, मीठ राहतं. मग पुन्हा मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतायचं.

वंदनाताई_सहकारनगर

पाऊसवेडी, हबक्याने मीठ नीट बसतं, पण तिखट डागाडागाने लागतं. मीठ पाण्यात विरघळतं, तिखट विरघळत नाही, ते नुसतं तरंगतं. म्हणून मी दोन्ही वेगळं करते. सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

पाव किलो कच्चे शेंगदाणे सालासकट. अर्धी वाटी कडकडीत पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि किंचित हळद. त्यात दाणे बुडवून वर झाकण, दहा-पंधरा मिनिटं. मग चाळणीवर निथळून सुती पंचावर पसरायचे, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. ओले दाणे कढईत टाकले तर ते आधी शिजतात आणि मग भाजतात, चामट लागतात.

लोखंडी कढईत दोन वाट्या मीठ (हो, दोन वाट्या) चांगलं तापवायचं, त्यात दाणे घालून मध्यम-मंद आचेवर झाऱ्याने सतत हलवत राहायचं. बारा-पंधरा मिनिटं लागतात. आधी तडतड आवाज येतो, मग तो कमी होत जातो. एक दाणा काढून सोलून बघा, आत फिकट तांबूस दिसला की लगेच उतरवा, कारण कढईबाहेर आल्यावरही तो भाजत राहतो. चाळणीने मीठ वेगळं करायचं आणि बरणीत भरून पुढच्या खेपेला वापरायचं. ते मीठ काळपट होतं, पण भाजायला चालतं.

असे दाणे आतून खारे होतात. वरून काही लावलं नाही तरी चालतं.

मंदार_क

वंदनाताई, आतला खारेपणा हा मुद्दा सोन्याचा आहे. आणि तोच मुग्धाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेतं. पुण्यात जुलैमध्ये कितीतरी दिवस हवा त्याच्या वर असते. म्हणजे दाण्याच्या वर मिठाचा थर दिलात की तुम्ही पाणी ओढणारी वस्तूच बाहेरून लावून ठेवलीत. मसाल्यात आमचूर किंवा पिठीसाखर असेल तर आणखीच. तेव्हा पावसाळ्यात मीठ पाण्यातून आत घाला आणि वर फक्त मिरी, जिरं, तिखट अशा कोरड्या गोष्टी ठेवा.

दुसरं, तापमान. खमंगपणा येतो तो दाण्यातली थोडी साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकत्र येऊन. १९१२ मध्ये मेयार नावाच्या फ्रेंच संशोधकाने ही प्रक्रिया मांडली. साधारण १४० अंशांच्या वर ती जोरात सुरू होते. म्हणून ओटीजी १५० वर ठेवा आणि वेळ वाढवा. १८० वर बदाम बाहेरून काळा आणि आतून पांढरा राहतो.

माझे अंदाज, आधी तापवलेल्या ओटीजीत, एका थरात पसरून: काजू १२ ते १५ मिनिटं, बदाम १५ ते १८, भोपळ्याच्या बिया ८ ते १०, अक्रोड ८ ते १०. मधे एकदा हलवायचे. सगळे एकाच ट्रेमध्ये एकत्र टाकू नका. लोक बिनदिक्कत टाकतात आणि मग बिया कडू झाल्या म्हणून दुकानदाराला बोल लावतात.

तुकडाकाजू

ओटीजीवर छापलेला आकडा आणि आतलं तापमान यांची पत्रिका कधी जुळत नाही. नाकावर विश्वास ठेवा. वास स्वयंपाकघराबाहेर आला की ट्रे बाहेर यायला हवा.

नाना_धनकवडी

एवढा खटाटोप? मंडईच्या बाजूला भट्टीवर गरम गरम खारे दाणे मिळतात. वीस मिनिटांत जाऊन या.

मुग्धा_कर्वेनगर

नाना, कर्वेनगरहून मंडईत वीस मिनिटांत जाऊन येण्याची पाककृती आधी द्या. दाण्यांची मग बघू.

सदू_पेठेतला

:-)) नाना, पार्किंगसह सांगा.

नाना_धनकवडी

बसने जायचं. असो. मुद्दा असा की भट्टीवर वाळूत भाजलेल्या दाण्याची चव घरी येत नाही. वाळू सगळीकडून सारखी तापते, दाणा तिच्यात बुडलेला असतो, त्यामुळे डाग पडत नाही. कढईत दाण्याची एकच बाजू लोखंडाला टेकते. भडभुंजे उगाच वाळू वापरत नाहीत.

वंदनाताई_सहकारनगर

अहो नाना, मीठही तेच काम करतं, म्हणून तर दोन वाट्या लिहिलं. वाळू घरात आणून धुवायची, चाळायची, वर एखादा कण दाताखाली यायचा. मीठ आलं तर आलं.

नाना_धनकवडी

मान्य. पण फुटाणे तरी भट्टीचेच.

वेंगुर्लेकर

काजूबद्दल दोन शब्द, गावचा अधिकार म्हणून.

मसाला काजूसाठी मोठा अख्खा काजू घेऊ नका. दुकानात डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे आकडे दिसतात, ते म्हणजे एका पौंडात साधारण किती काजू बसतात ते. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. हे लग्नाच्या पाकिटात शोभतात. मसाल्यासाठी काजू पाकळी घ्या, म्हणजे उभा दुभंगलेला. स्वस्त पडतो, आणि आतली सपाट बाजू उघडी असल्याने मसाल्याला धरायला जागा मिळते. अख्ख्या काजूची पाठ गुळगुळीत, तिथून सगळं घसरतं. तुकडा मात्र नको, कडा जळतात.

आणि कोणी गावाहून सालाच्या बिया आणल्या तर घरच्या ओटीजीत भाजायचा प्रयोग करू नका. टरफलातल्या चिकाने कातडी सोलवटते, त्याचा धूरही वाईट. आमच्याकडे ते अंगणात, वाऱ्याची दिशा बघून आणि हाताला राख फासून करतात.

चिंगी

पाकळी! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पाऊसवेडी

वेंगुर्लेकर, बदामाचं पण सांगा. त्याची पाठ सुरकुतलेली असूनही मसाला का धरत नाही?

वेंगुर्लेकर

बदाम आमच्या खात्यात येत नाही. मंदारभाऊंना विचारा.

मंदार_क

साल कोरडं असतं आणि तेल आत. काजूला साल नाही म्हणून गरम असताना त्याच्या अंगावर तेलाचा पुसट थर येतो, त्यावर थोडाफार मसाला बसतो. बदामाला तेवढंही नाही. तिथे काहीतरी चिकट लावावंच लागतं.

आणखी एक, सगळ्यांनी करण्याजोगं: मसाला मिक्सरमध्ये मिठासकट अगदी पिठासारखा बारीक करा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. जाडा कण कितीही चिकटवा, डबा हलला की पडतो. तुमच्या डब्याच्या तळाशी काय जमतं ते बोटाने चोळून बघा, सगळे जाडे कण असतील.

बाळू_चाकण

इतका वेळ नुसता वाचत होतो. पूर्वी अशा खाऱ्या दाण्यांच्या युनिटमध्ये कामाला होतो, नाव विचारू नका.

पाकिटामागचे घटक वाचा. बऱ्याच पाकिटांवर आयएनएस ४१४ दिसेल (आयएनएस म्हणजे खाण्यात घालायच्या पदार्थांचे ठरलेले क्रमांक). तो म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. भाजलेले दाणे फिरत्या पिंपात घालायचे, वरून डिंकाच्या पाण्याची बारीक फवारणी, लगेच मसाल्याची भुकटी, पिंप फिरतंच असतं, मग गरम हवेने सुकवायचं. झालं. काही ठिकाणी डिंकाऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पांढरी पूड), काही ठिकाणी नुसतं पामतेल फवारतात. ६२७ आणि ६३१ हे चव उठावदार करणारे, ५५१ हा मसाल्याचे गोळे होऊ नयेत म्हणून, ३३० म्हणजे लिंबूफूल.

घरी पिंप नसतं, पण मोठं झाकणाचं पातेलं असतं.

मुग्धा_कर्वेनगर

डिंक!! लाडवांचा उरलेला डिंक हिवाळ्यापासून फडताळात पडून आहे. प्रमाण सांगा ना. तो तळायचा नाही ना?

बाळू_चाकण

तळायचा नाही. मिक्सरमध्ये पूड करा. एक चहाचा चमचा पूड, तीन मोठे चमचे कोमट पाणी, तासभर तसंच ठेवून हलवा आणि गाळून घ्या, कारण डिंकात सालपट आणि माती असते. पाव किलो दाण्यांना यातलं दोन चमचे पुरतं. जास्त घातलं तर दाणे एकमेकांना चिकटून चिक्की होईल.

क्रम महत्त्वाचा. दाणे आधी पूर्ण भाजून घ्या, कोमट असताना पातेल्यात डिंकाचं पाणी घालून झाकण लावून गदागदा हलवा, सगळ्यांना चकाकी आली की मसाला दोन हप्त्यांत भुरभुरवा, पुन्हा हलवा. मग ओटीजी ११०-१२० वर आठ-दहा मिनिटं, फक्त सुकवायला. मसाला पहिल्यापासून घालून १५० वर भाजला तर तिखट जळून कडू होतं.

एक अडचण: दुकानात डिंक म्हणून बरेचदा धावड्याचा मिळतो. तो नीट विरघळत नाही, बुळबुळीत राहतो. काम होतं, पण पाणी थोडं जास्त घाला आणि नक्की गाळा.

तुकडाकाजू

अंड्याचा पांढरा भाग पण चालतो की. एका अंड्याचा पांढरा, काट्याने फेसून, अर्धा किलोला पुरतो. ओव्हनमध्ये सुकला की कडक पापुद्रा होतो, मसाला जागचा हलत नाही. आम्ही तसंच करतो.

वंदनाताई_सहकारनगर

आणि मग चतुर्थीला तोच डबा समोर येतो.

चिंगी

हाहाहा. वंदनाताई, डिंक उपासाला चालतो का?

वंदनाताई_सहकारनगर

आमच्याकडे चालतो. दाणे, सैंधव, जिरं, लाल तिखट, डिंक, सगळं चालतं.

सदू_पेठेतला

लाल तिखट? उपासाला? आमच्याकडे जिरं चालतं, तिखट फक्त हिरव्या मिरचीचं.

पाऊसवेडी

आमच्याकडे बरोबर उलटं.

नाना_धनकवडी

हळद घातली की उपास मोडला, वरच्या कृतीत हळद आहे. नोंद घ्यावी.

वंदनाताई_सहकारनगर

उपासाच्या दिवशी हळद वगळा, नाना. एवढं लिहायला हवं होतं का?

नाना_धनकवडी

इथे लिहायला हवं. लोक चतुर्थीला धागा उघडतात.

खडीसाखर

उपासाची गाडी रुळावरून जाण्याआधी: गोड दाण्यांचं कोणी काहीच लिहिलं नाही? गूळ-सुंठ बदाम फार आवडतात मला.

वंदनाताई_सहकारनगर

खडीसाखर, गुळाचे पावसाळ्यात नको. गूळ हवेतलं पाणी ओढतो, दुसऱ्या दिवशी बरणीत एकच गोळा. थंडीत कर.

आत्ता करायचे तर साखरेचे. दोन वाट्या बदाम, अर्धी वाटी साखर, चार चमचे पाणी, सगळं एकदमच कढईत. उकळी येऊन पाक घट्ट होतो, मग एकदम पांढरट, रवाळ होऊन बदामाला बसतो. तिथे गॅस बंद करून सुंठ-वेलची घालून हलवत राहायचं. तसंच पुढे तापवलं तर साखर पुन्हा वितळून कॅरॅमल होते, तेही छान, पण तेव्हा नजर हटवायची नाही.

खडीसाखर

धन्यवाद! साखरफुटाण्यांसारखा थर येतो म्हणजे. आजच करते.

भटकभवानी

एवढा मोठा धागा आणि चखण्याचा उल्लेख नाही? संस्कारी मंडळी.

बाळू_चाकण

आमच्या युनिटचा निम्मा माल कुठे जायचा असं वाटतं तुम्हाला?

सदू_पेठेतला

बाळूभाऊ, युनिटचं नाव आता सांगाच.

डॉ_बालरोग

आनंदात विरजण घालतो, माफ करा, पण दोन गोष्टी लिहायला हव्यात.

पहिली, चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे, काजू, बदाम अजिबात देऊ नका. श्वासनलिकेत अडकतात. भाजलेला कडक दाणा तर जास्तच. कूट करून किंवा पेस्ट करून द्या. घरी लहान भाचरं-नातवंडं येतात तेव्हा हा डबा वर ठेवा.

दुसरी, बुरशी. शेंगदाण्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, त्याचा माग काढताना शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडलं. यकृताला घातक. भाजल्याने ते काही प्रमाणात कमी होतं, पूर्ण जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, हिरवट डाग असलेले, कडवट दाणे निवडून फेका. वर तिखट मसाला लावून ‘संपवून टाकू’ असं करू नका. एखादा दाणा तोंडात कडू लागला तर तो थुंकून टाका, गिळू नका.

नाना_धनकवडी

डॉक्टर, कडू दाणा मूठभर खाल्ल्यावर नेमका शेवटी येतो, याला काही उपाय?

डॉ_बालरोग

आधी निवडणे. ताटात पसरून, चष्मा लावून.

मंदार_क

खवट आणि बुरशीचं, दोन्ही वेगळं, हे जोडतो. खवटपणा म्हणजे तेल हवेने बिघडणं. अक्रोडात साठ-पासष्ट टक्के तेल, आणि तेही लवकर बिघडणारं, त्यामुळे भाजलेला अक्रोड बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये, घट्ट झाकणात. काजू-बदाम जास्त टिकतात. पण कच्चेच खवट असतील तर भाजून वास झाकला जात नाही, उलट वर येतो.

मधुरा_आहार

मला मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीवर बोलायचंय, कारण सगळे तेल वाचवायच्या मागे लागलेत.

मुग्धाताई, पाव किलो काजूत आधीच साधारण ११० ग्रॅम स्निग्धांश असतो. तुम्ही मसाला धरायला एक चहाचा चमचा तेल घातलंत तर त्यात साडेचार ग्रॅमची भर पडते. सासऱ्यांना तेल कमी सांगितलं असेल तर हिशेब त्या चमच्याचा नाही, वाटीत किती काजू पडले त्याचा आहे. आणि या वयात बरेचदा रक्तदाबही असतो. तसं असेल तर तेलापेक्षा मिठावर लक्ष ठेवा, कारण खाऱ्या दाण्यात हात थांबत नाही तो मिठामुळे.

मी मूठभर, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, वाटीत काढून देते आणि डबा उचलून ठेवते. डबाच समोर ठेवला तर काजू बिनतेलाचे आहेत की तेलाचे, याने काही फरक पडत नाही.

पाऊसवेडी

मधुराताई, गणित पटलं. पण बोटं तेलकट होतात त्याचं काय? कीबोर्डवर बसून खाणाऱ्यांचा विचार करा.

मधुरा_आहार

एका चमच्यात होत नाहीत. लोक ‘एक चमचा’ म्हणतात आणि बुधल्यातून ओततात. चमच्याने मोजून घाला आणि हाताने चोळा, पाव किलोला अर्धा चमचाही पुरतो.

तुकडाकाजू

म्हणजे डिंकाची गरजच नाही?

बाळू_चाकण

अर्ध्या चमच्यात मसाला धरतो, पण हाताला लागतो. डिंकात सुकून बसतो. ज्याला जे हवं ते. प्रवासात न्यायचे असतील तर डिंक, घरी वाटीत खायचे असतील तर तेल.

सदू_पेठेतला

हाच धागा दिवाळीच्या आधी पुन्हा वर येणार. तेव्हा चर्चा सुकामेव्याच्या बॉक्सची. बोहरी आळीतून पाउच आणायला आत्ताच जा, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

मुग्धा_कर्वेनगर

मंडळी, अहवाल.

पाकळी आणली, डिंकाचं पाणी केलं (धावड्याचाच निघाला, बुळबुळीत, गाळताना वैताग आला), मसाला चाळून घेतला: मिरी, भाजलेलं जिरं, थोडं सैंधव. बाळूभाऊ, धरलाय! बरणी उलटी-सुलटी केली, तळाशी जेमतेम चिमूटभर. बदामाला पण बसला. शेंगदाणे वंदनाताईंच्या पद्धतीने आतून खारे, वर काहीच नाही, ते सगळ्यात आधी संपले.

मधुराताई, सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘म्हणजे तेल चालेल?’ एवढंच ऐकलं त्यांनी.

दोन शंका राहिल्या. लसूण आणि पुदिना. लसणाची तयार पावडर आवडत नाही. आणि लोखंडी कढईत पेरी पेरी केला तो काळपट झाला, चव बरी होती.

वंदनाताई_सहकारनगर

काळपट होणारच. पेरी पेरीत आमचूर नाहीतर लिंबूफूल असतं, आंबट आणि लोखंड जमत नाही. आंबट मसाला नेहमी स्टीलच्या पातेल्यात लाव, कढई फक्त भाजायला.

लसणाचं असं: त्या मोजून घेतलेल्या चमचाभर तेलात पाच-सहा पाकळ्यांचे पातळ काप मंद आचेवर बदामी होईपर्यंत तळ, काढून घे, आणि तेच तेल दाण्यांना चोळ. काप गार झाले की कुरकुरीत होतात, मिठाबरोबर कुटून वरून घाल. ओला लसूण थेट दाण्यांवर टाकलास तर दाणे सादळतील आणि लसूण जळेल, दोन्ही एकदम. कढीपत्त्याचंही असंच.

मंदार_क

पुदिना ओव्हनमध्ये जाऊच देऊ नका. पानं सावलीत किंवा मायक्रोवेव्हमध्ये कागदावर तीस-तीस सेकंदांच्या हप्त्यांनी वाळवा, चुरा, आणि दाणे सुकवून बाहेर काढल्या काढल्या, गरम असताना लावा. ओव्हनमध्ये त्याचा हिरवा रंगही जातो आणि वासही.

आणि साठवणीचं राहिलंच. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, आतली वाफ झाकणाला पाणी धरते. पण गार झाल्यावर ताटातही ठेवू नका, पावसाळी हवेत पसरून ठेवले की तासाभरात मऊ पडतात. मोठ्या एका डब्यापेक्षा दोन-तीन लहान बरण्या, म्हणजे रोज सगळ्यांना हवा लागत नाही. तरी सादळले तर १२० वर पाच-सात मिनिटं, पुन्हा गार करून भरा. साखरेच्या थराचे मात्र असे गरम करू नका.

खडीसाखर

साखरेचे बदाम केले. बरणी भरायची वेळच आली नाही.

तुकडाकाजू

मुग्धाताई, फोटो? फोटोशिवाय अहवाल ग्राह्य धरला जात नाही.

मुग्धा_कर्वेनगर

पुढच्या खेपेला. रिकाम्या बरणीचा फोटो कुणाला हवाय? मंदार, पुदिना या शनिवारी करते. भोपळ्याच्या बियांना डिंक लावावा का, का त्या चिकटून बसतील?

बाळू_चाकण

बियांना निम्मं पाणी घ्या, एकच चमचा. चपट्या असतात, एकावर एक बसतात. सुकवताना दर तीन मिनिटांनी उलथन्याने सुट्या करा.

सदू_पेठेतला

एअरफ्रायरमध्ये नका करू. कॉइलला चिकटतात म्हणे.